अ‍ॅन आर्बरचे नऊ नमुने : स्तनाच्या कर्करोगातील मूळपेशी एका जातीच्या की अनेक?

अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठातून एप्रिल २००३ मध्ये सहा पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मुहम्मद अल-हज हे त्याचे पहिले लेखक होते आणि मॅक्स विशा, शॉन मॉरिसन व मायकेल क्लार्क हे त्यांच्या सहलेखकांत होते. नऊ रुग्णांच्या स्तनकर्करोगाच्या पेशींवर केलेल्या या कामाचा दावा असा होता की गाठीतील सगळ्या पेशींना नवी गाठ उभी करता येत नाही. ती क्षमता एका लहान गटाकडे असते (याच पेशींना कर्करोगाच्या मूळपेशी म्हटले जाते) आणि पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या खुणा पाहून तो गट आधीच ओळखून वेगळा काढता येतो. रक्ताच्या कर्करोगात असे काही घडते हे टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने १९९४ आणि १९९७ मध्ये दाखवले होते. घन गाठीच्या बाबतीत मात्र ही वाट पहिल्यांदाच उघडत होती, त्यामुळे या निबंधाचे मोठे स्वागत झाले.

या प्रकरणात तो दावा आणि पुढच्या दोन दशकांत त्याचे काय झाले, हे तपासायचे आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. मूळ प्रयोग चोख होता; घोळ झाला तो त्याच्या वाचनात. प्रयोगाने एका विशिष्ट कसोटीला उतरणाऱ्या पेशी दाखवल्या होत्या, आणि वाचणाऱ्यांनी त्यांना एका ठरावीक जातीच्या पेशी मानले. गाठीत मूळपेशींचे एकाहून अधिक गट असतात आणि ते एकमेकांत बदलतातही, ही पुढे पुढे उलगडत गेलेली गोष्ट पहिल्याच निबंधातील आकड्यांत अंशतः दिसत होती.

प्रयोग नेमका कसा झाला

बहुतेक नमुने स्तनातून काढलेल्या गाठीचे नव्हते. कर्करोग फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पसरलेल्या रुग्णांच्या छातीत पाणी साठते. धाप कमी करण्यासाठी ते सुईने काढावे लागते आणि त्यात कर्कपेशी तरंगत असतात. या पाण्यात रुग्णाच्या पांढऱ्या पेशी आणि इतर साध्या पेशीही असल्याने पहिले काम त्यांना बाजूला करण्याचे होते. त्यासाठी रक्तपेशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आणि तंतुपेशी यांच्यावर आढळणाऱ्या अनेक प्रथिनांविरुद्धची प्रतिद्रव्ये एकत्र करून वापरली गेली. ज्यांना ती चिकटली त्या पेशी वगळल्या आणि उरलेल्या कर्कपेशींची सीडी४४ व सीडी२४ या दोन प्रथिनांवरून विभागणी केली. चमकणारी रसायने जोडलेली प्रतिद्रव्ये पेशींना लावायची, पेशी एकामागून एक लेझरसमोरून न्यायच्या आणि चमकेनुसार वेगवेगळ्या नळ्यांत पाडायच्या, असे हे फ्लो सायटोमेट्रीचे काम असते. यंत्रासमोर बसलेला माणूस पडद्यावरच्या ठिपक्यांच्या ढगाभोवती चौकट आखतो आणि चौकटीतल्या पेशी तेवढ्या गोळा होतात. ती चौकट कुठे आखायची, हा निर्णय शेवटी माणसाचाच असतो. सीडी२४ ‘नाही किंवा कमी’ अशी जी ढिली व्याख्या या गटाला चिकटली, तिचे मूळ या चौकटीत आहे.

निवडलेल्या पेशी उंदराच्या माद्यांना टोचण्यात आल्या. या उंदरांची प्रतिकारशक्ती जन्मतःच दुबळी होती. ती आणखी खाली आणण्यासाठी त्यांना इटोपोसाइड हे औषध दिले गेले, कातडीखाली इस्ट्रोजेनची गोळी बसवली गेली आणि मानवी पेशी त्यांच्या स्तनातील चरबीच्या गादीत सोडल्या गेल्या. सीडी४४ असलेल्या आणि सीडी२४ नसलेल्या किंवा कमी असलेल्या शंभर पेशींतूनही गाठ उगवली. बाकीच्या खुणा असलेल्या हजारो पेशी टोचूनही काही उगवले नाही. त्याहून महत्त्वाची बाब पुढची होती. उगवलेल्या गाठीत केवळ त्याच खुणांच्या पेशी नव्हत्या, तर मूळ गाठीत होते तसे सगळे मिश्रण पुन्हा तयार झाले होते. त्यातून पुन्हा तोच गट वेगळा काढून दुसऱ्या उंदराला टोचला तर पुन्हा तसेच घडत होते. स्वतःची संख्या टिकवणे आणि इतर प्रकारच्या पेशी निर्माण करणे, या मूळपेशीच्या दोन्ही लक्षणांची अशी खात्री पटली.

आता त्याच निबंधातील दोन तपशील पाहू. पहिला, ही खूण नऊपैकी आठ रुग्णांत लागू पडली. नववा रुग्ण अपवाद म्हणून मागे पडला, आणि पुढच्या उद्धृतांत तर तो जवळजवळ नाहीसाच झाला. दुसरा, सीडी४४ असलेल्या गटाची ईएसए या आणखी एका प्रथिनावरून पुन्हा विभागणी केली तेव्हा गाठ उभी करण्याची क्षमता त्यातही असमान वाटलेली आढळली. म्हणजे ज्याला एक गट म्हटले जात होते, त्याच्या पोटात आणखी गट होते. लेखकांनी हे लपवले नव्हते. परंतु प्रयोगशाळांना एक साधी, वापरायला सोपी खूण हवी होती आणि ती मिळाली.

दुसरी खूण, आणि न जुळणारी वर्तुळे

चार वर्षांनी, २००७ मध्ये, विशा यांच्याच गटातून क्रिस्तोफ जिनेस्तिए यांनी मूळपेशी ओळखण्याचा निराळा मार्ग मांडला. तो पृष्ठभागावरच्या प्रथिनावर नव्हे, तर पेशीच्या आतील अल्डिहाइड डिहायड्रोजनेज या एन्झाइमच्या कामावर आधारलेला होता. पेशींना एक रसायन देतात; ते आत शिरते, एन्झाइम त्याचे रूपांतर करते, रूपांतरित रेणू बाहेर पडू शकत नाही आणि पेशी उजळते. त्याच पेशींचा दुसरा वाटा एन्झाइम रोखणाऱ्या औषधासह ठेवतात आणि दोहोंतील फरकावरून ‘उजळ’ कोणाला म्हणायचे ते ठरवतात. अशा पेशीही उंदरात गाठ उभी करत होत्या. शिवाय ५७७ रुग्णांच्या गाठींच्या काचपट्ट्या तपासल्यावर, ज्यांच्या गाठीत हे एन्झाइम दिसले त्यांचा आजार अधिक वाईट वळणाचा असल्याचे आढळले.

इथे साहजिक अपेक्षा अशी की दोन खुणा एकाच पेशींकडे बोट दाखवतील. तसे झाले नाही. दोन्ही खुणा असलेल्या पेशी गाठीत एक टक्क्याच्या आसपासच होत्या, तर प्रत्येकी एकच खूण असलेल्या पेशी त्याहून कितीतरी जास्त. दोन्ही खुणा एकत्र असलेल्या पेशी सर्वांत तीव्र निघाल्या आणि वीस पेशींतूनही गाठ आली, हे खरे. पण एन्झाइमची खूण असलेल्या आणि सीडी४४ची खूण नसलेल्या पेशीही गाठ उभारत होत्या. २००३च्या निबंधातील ‘गाठ न करणाऱ्या’ भागात अशा पेशी का दिसल्या नाहीत, हा प्रश्न त्यामुळे उरतोच. नमुने वेगळे होते, उंदीर वेगळे होते, संख्या वेगळ्या होत्या. यापैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे मागे जाऊन ठरवता येत नाही.

या दोन गटांचे नाते २०१४ मध्ये सुलिंग ल्यू आणि विशा यांच्या कामातून बरेचसे उलगडले. सीडी४४ असलेल्या व सीडी२४ नसलेल्या पेशी गाठीच्या कडेला, आजूबाजूच्या ऊतीत घुसणाऱ्या टोकावर सापडल्या. त्या बहुधा सुस्त, विभाजन न करणाऱ्या, आकाराने लांबट आणि हलत्या असतात. एन्झाइमवाल्या पेशी गाठीच्या आतल्या भागात असतात, भराभर विभागतात आणि त्यांची ठेवण अस्तरपेशींसारखी घट्ट असते. एकीकडे पसरण्याचे काम, दुसरीकडे वाढण्याचे. या पेशी एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाऊ शकतात आणि निरोगी स्तनातील मूळपेशींतही अशाच दोन अवस्था आढळतात, हे लेखकांचे निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. कारण त्यामुळे ही विविधता कर्करोगाने केलेला निव्वळ गोंधळ राहत नाही, तर स्तनाच्या स्वतःच्या रचनेशी जोडली जाते.

यात आनुवंशिक फरकांचा प्रश्न वेगळा ठेवावा लागतो. बॉस्टनच्या कॉर्नेलिया पॉल्याक यांच्या गटाने २००७ मध्ये एकाच गाठीतील सीडी४४ आणि सीडी२४ पेशींची तुलना केली, तेव्हा दोन्ही एकाच वंशाच्या असल्या तरी त्यांचे डीएनए नेहमी तंतोतंत सारखे नसल्याचे दिसले. दोन्ही गट केवळ एकाच पेशीच्या दोन अवस्था असते, तर असा फरक पडायला नको होता. म्हणजे काही गाठींत अवस्थांची विविधता आणि उत्परिवर्तनांची विविधता एकमेकांवर चढलेल्या असतात, आणि काचपट्टीवर पाहून कोणती कुठली हे सांगता येत नाही.

कसोटीचाच प्रश्न

मूळ निबंधाच्या सहलेखकांपैकी शॉन मॉरिसन यांनी २००८ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावर जे काम केले, त्याने या सगळ्या क्षेत्राला खडबडून जागे केले. नेहमीच्या दुबळ्या उंदरांत मेलॅनोमाच्या लाखो पेशींमागे एखादीच गाठ करते, असे तोवर मानले जाई. मॉरिसन यांच्या गटाने आणखी दुबळ्या, नैसर्गिक मारक पेशीही नसलेल्या उंदरांत त्या पेशी टोचल्या, आधाराला जेल दिले आणि जास्त काळ वाट पाहिली, तेव्हा साधारण दर चार पेशींमागे एक पेशी गाठ उभारताना दिसली. मुरमाड रानात बी उगवले नाही म्हणून ते बी पोचट ठरत नाही, ही गोष्ट शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. प्रयोगशाळांना ती सांगावी लागली. मेलॅनोमाचा निष्कर्ष स्तनाच्या कर्करोगाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे आहे. तरीही ‘गाठ न करणारी पेशी’ या शब्दप्रयोगापुढे ‘या उंदरात, या मुदतीत’ अशी पुस्ती जोडणे त्यानंतर भागच पडले.

स्तनाच्या कर्करोगात याच मुद्द्याला सर्वांत नेमके भिडणारे काम २०११ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे पियूष गुप्ता, एरिक लँडर आणि सहकाऱ्यांनी केले. त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेले स्तनकर्करोगाचे दोन पेशीवंश घेतले. प्रत्येकात मूळपेशींसारख्या, तळथरातील (स्तननलिकेच्या बाहेरच्या थरासारख्या) आणि नलिकेच्या आतल्या अस्तराच्या अशा तीन अवस्थांच्या पेशी होत्या. एका वंशात मूळपेशींसारख्यांचे प्रमाण १.९ टक्के होते व तळथरातील पेशी ९७.३ टक्के होत्या. दुसऱ्यात मूळपेशींसारख्या ३.९ टक्के आणि अस्तराच्या ९२.८ टक्के. तिन्ही प्रकार वेगळे करून निव्वळ एकेका प्रकाराची लागवड केली, तर प्रत्येक लागवड काही दिवसांतच आपल्या वंशाच्या मूळ प्रमाणाकडे परतू लागली. मूळपेशींसारख्या नसलेल्या पेशींतूनही मूळपेशींसारख्या पेशी तयार होत होत्या. हा बदल कुणी घडवून आणलेला नव्हता; प्रत्येक अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्याची ठरावीक शक्यता धरली की गणिताने तो सांगता येत होता.

या कामातील उंदरांचा प्रयोग मात्र कमी वेळा सांगितला जातो. निव्वळ अस्तराच्या किंवा तळथराच्या पेशी टोचल्या तर गाठ येत नव्हती, मूळपेशींसारख्या टोचल्या तर येत होती. इथपर्यंत सगळे २००३सारखेच. मग त्याच पेशींबरोबर किरणांनी निष्प्रभ केलेल्या, स्वतः वाढू न शकणाऱ्या वाहक पेशी टोचल्या, तर तिन्ही प्रकारांनी गाठ केली. निष्प्रभ पेशींनी इतरांना टोचल्यानंतरचे पहिले काही दिवस तगून राहायला मदत केली आणि तेवढ्या अवधीत त्यांच्यातील काहींना अवस्था बदलता आली, असा त्याचा अर्थ लागतो. मूळ कसोटी गाठ उभारण्याची क्षमता मोजते असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात ती त्या क्षमतेसोबत टोचणीचा धक्का सोसण्याची ताकदही मोजत होती. अ‍ॅन आर्बरच्या नऊ नमुन्यांचा निकाल यामुळे खोटा ठरत नाही, मात्र तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर होता ते स्पष्ट होते.

पेशीवंश वर्षानुवर्षे प्लास्टिकच्या बशीत वाढलेले असतात आणि रुग्णाच्या गाठीत बदलांचा वेग तोच असेल असे धरता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे.

रुग्णांत दिसलेले

मूळपेशी औषधांना दाद देत नाहीत, हे विधान ज्या पुराव्यावर उभे आहे त्यातील महत्त्वाचा भाग ह्यूस्टन येथील जेनी चँग यांच्या गटाने २००८ मध्ये मांडला. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांच्या गाठीतून सुईने तुकडे घेतले तेव्हा सीडी४४ असलेल्या व सीडी२४ नसलेल्या पेशींचे सरासरी प्रमाण ४.७ टक्के होते. बारा आठवड्यांनी ते १३.६ टक्के झाले. हे आकडे वाचून अनेकांनी केमोथेरपी मूळपेशी वाढवते असा अर्थ काढला. तो घाईचा आहे. शंभर पेशींत पाच मूळपेशी असतील आणि औषधाने उरलेल्या पंचाण्णवपैकी पासष्ट मारल्या, तर मूळपेशी पाचच राहूनही त्यांचे प्रमाण चौदा टक्क्यांवर जाते. टक्केवारी वाढली एवढेच आकडा सांगतो. त्या तगल्या, वाढल्या की केमोच्या दबावाखाली दुसऱ्या पेशींनी ते रूप घेतले, हे तो सांगत नाही. याच अभ्यासात हर-२ या, पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाची अतिरिक्त मात्रा असलेल्या गाठींना ते प्रथिन रोखणारे लॅपॅटिनिब दिले तेव्हा हे प्रमाण वाढले नाही, किंचित उतरले. म्हणजे औषध कोणते आणि गाठ कोणत्या प्रकारची, यावर या पेशींचे वागणे बदलते.

गाठीच्या प्रकाराचा मुद्दा आपल्याकडे अधिक लागू आहे. सीडी४४ची ही खूण तळथरासारख्या गाठींत जास्त आढळते आणि त्यांतील बऱ्याच गाठी ट्रिपल निगेटिव्ह असतात, म्हणजे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनचे संदेश घेणारी प्रथिने (ग्राहक) आणि हर-२ची जादा मात्रा यांपैकी त्यांत काहीच नसते. भारतातील रुग्णांत ट्रिपल निगेटिव्हचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा लक्षणीय जास्त आहे. मात्र यावरून अशा गाठी तळथरातील मूळपेशींपासूनच सुरू होतात असे समजू नये. मेलबर्नच्या जेन व्हिस्वेडर आणि जेफ्री लिंडमन यांच्या गटाने २००९ मध्ये बीआरसीए१ या, बिघडल्यास स्तनकर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या जनुकात दोष असलेल्या स्त्रियांच्या स्तनऊतीचा अभ्यास केला, तेव्हा संशयाची सुई तळथरातील मूळपेशींकडे नव्हे, तर नलिकेच्या अस्तराच्या पूर्वज पेशींकडे वळली. गाठ कोणत्या पेशीपासून सुरू झाली आणि तयार गाठीत कोणती पेशी तिला पुढे चालवते, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत.

उपचारांच्या बाजूने पाहिले तर हिशेब फारसा उत्साहवर्धक नाही. हर-२ हे प्रथिन एकंदर गाठीत कमी असले तरी तिच्यातील मूळपेशींत जास्त असू शकते आणि म्हणून हर-२वर नेम धरणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाचा फायदा अशा रुग्णांनाही होईल, अशी मांडणी विशा यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रयोगांच्या आधारे केली होती. उंदरांत पेशी टोचल्यावर लगेच दिलेले औषध गाठ रोखत होते, वाढलेल्या गाठीवर ते चालत नव्हते. हर-२चे प्रमाण कमी असलेल्या ३,२७० स्त्रियांवरील बी-४७ या मोठ्या चाचणीत मात्र केमोथेरपीसोबत ट्रॅस्टुझुमॅब देऊन काही साधले नाही; पाच वर्षांनी आक्रमक आजार न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण औषधासह ८९.८ आणि औषधाविना ८९.२ टक्के होते.

रेपॅरिक्सिनचे उदाहरण तर विविधतेच्या मुद्द्यावर नेमके बोट ठेवते. हे औषध सीएक्ससीआर१ हा पेशीच्या पृष्ठभागावरचा, संदेश घेणारा ग्राहक अडवते आणि २०१० च्या प्रयोगांत त्याने एन्झाइमवाल्या मूळपेशी कमी केल्या होत्या. पुढे शस्त्रक्रियेपूर्वी थोडे दिवस हे औषध दिलेल्या रुग्णांत दोन्ही खुणा मोजल्या गेल्या. मोजणी शक्य झालेल्या १७ जणींपैकी ९ जणींत सीडी४४वाला गट वीस टक्के किंवा अधिक घटला, तर एन्झाइमवाला गट तेवढा घटला तो ४ जणींत. म्हणजे ज्या गटावर औषधाचा मुख्य रोख होता, तोच कमी वेळा हलला. आणि ही घटही फ्लो सायटोमेट्रीने दिसली. काचपट्टीवर चमकत्या प्रतिद्रव्यांनी पडताळायला गेले तर अशा पेशी इतक्या थोड्या होत्या की खात्री करता आली नाही. पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह आजारात पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधासोबत रेपॅरिक्सिन देऊन पाहिलेल्या चाचणीत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ लांबला नाही.

नेहमीच्या पॅथॉलॉजी अहवालात आज इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक, हर-२ आणि बहुधा केआय-६७ (पेशी किती विभागत आहेत याची खूण) यांची नोंद असते. सीडी४४ किंवा अल्डिहाइड डिहायड्रोजनेजची नसते. ती नाही हे माझ्या मते सध्या योग्यच आहे. सुईने घेतलेला तुकडा गाठीच्या मध्यातून आला तर त्यात कडेच्या सुस्त पेशी येणार नाहीत, कडेवरून आला तर आतल्या विभागणाऱ्या पेशी सुटतील, आणि दोन्ही आल्या तरी तो आकडा त्या दिवसापुरता असेल. त्यावरून औषध बदलावे की नाही हे कोणत्याही डॉक्टरला अजून ठरवता येत नाही.